डबल एक्सएल घेऊनही ब्लाऊज का बसत नाही? मोठ्या मापाच्या कपड्यांचं गणित

लग्नसराई आली की सांगलीच्या हरभट रोडवर, मारुती रोडवर, गणपती पेठेत एक वाक्य दिवसभर कानावर पडत असतं : "ताई, तुमच्या मापात नाही येणार हो." फ्री साईज लिहिलेली कुर्ती दंडातच अडकते. डबल एक्सएलचा ब्लाऊज छातीवर ओढतो आणि त्याच वेळी खांद्यावरून घसरतो. ट्रायल रूममधून बाहेर येणारी बाई कपडा परत देते आणि सोबतच्या बहिणीला हळूच म्हणते, "माझंच वजन वाढलंय गं."

वजन वाढलंही असेल. पण एकच ब्लाऊज एकाच अंगावर एका जागी घट्ट आणि दुसऱ्या जागी ढिला होतो, याचं कारण वजनात सापडत नाही. ते कापड कापण्याच्या पद्धतीत सापडतं. ही पद्धत समजली की दुकानात काय तपासायचं, टेलरकडे काय मागायचं आणि कुठला कपडा सरळ परत करायचा, हे कुणाला विचारावं लागत नाही.

प्लस साईज म्हणजे किती?

दुकानात नेहमी मिळणाऱ्या मापांच्या पुढची मापं, एवढाच या शब्दाचा अर्थ. न्यूयॉर्कच्या लेन ब्रायंट या दुकानाने १९२० च्या दशकात तो जाहिरातींत वापरायला सुरुवात केली. आपल्याकडे साधारण छाती ४४ च्या पुढे, म्हणजे डबल एक्सएलपासून, दुकानदार 'मोठं माप' म्हणू लागतात. ही रेघ दुकानाच्या फळीवरची आहे, वैद्यकशास्त्रातली नाही. रुंद हाडापेराची, शेतात राबून खांदे भरलेली बाईही या रेघेपलीकडे जाते, नुकतीच बाळंत झालेलीही जाते आणि पाळी जाण्याच्या वयात पोट सुटलेलीही जाते.

अशा बायका थोड्या नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या २४ टक्के स्त्रियांचा बीएमआय २५ किंवा त्याहून जास्त निघाला. बीएमआय म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा; तो २५ किंवा पुढे गेला की वजन जास्त धरतात. ढोबळ मानाने दर चार जणींत एक. चौथ्या बाईला दुकानात 'अपवाद' म्हणून वागवलं जातं, ते चूकच आहे.

लेबलवरचा आकडा आला कुठून?

आयत्या कपड्यांची मापं ठरवण्याचा पहिला मोठा सरकारी प्रयत्न अमेरिकेत झाला. १९३९-४० मध्ये तिथल्या कृषी खात्याने सुमारे १५,००० स्त्रियांची, प्रत्येकीची ५९ मापं घेतली. हिशेबात धरल्या त्या फक्त गोऱ्या स्त्रिया. त्या आकड्यांच्या आधारे १९५८ मध्ये प्रमाण मापांचा तक्ता आला आणि १९८३ मध्ये तो मागेही घेतला गेला. तेव्हापासून जो तो ब्रँड आपला तक्ता आपणच ठरवतो. गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून मोठ्या कपड्यावर लहान आकडा लावण्याची पद्धतही तिकडे रुळली.

आपल्याकडे अनेक वर्षं परदेशी तक्त्यांतच थोडाफार फेरफार करून काम चाललं. भारतीय अंगाचा स्वतःचा तक्ता असावा म्हणून वस्त्रोद्योग मंत्रालय आणि फॅशनचं शिक्षण देणाऱ्या निफ्ट या संस्थेने 'इंडिया साईज' प्रकल्प हाती घेतला. १५ ते ६५ वयाच्या २५,००० हून अधिक स्त्री-पुरुषांना थ्रीडी स्कॅनरसमोर उभं करून मापं घ्यायची, अशी त्याची आखणी. शहरं सहा : दिल्ली, मुंबई, कोलकाता, बेंगळुरू, हैदराबाद आणि शिलाँग. यातलं सांगलीला जवळचं म्हणजे मुंबई. जतची किंवा शिराळ्याची बाई या तक्त्यात कितपत उतरेल, ही शंका रास्त आहे.

सध्या तरी एका ब्रँडचा एक्सएल ४२ चा, दुसऱ्याचा ४४ चा, हे चालूच आहे. त्यातही काही तक्त्यांत अंगाचं माप दिलेलं असतं, काहींत कपड्याचं. दोन्हींत तीन-चार इंचांचा फरक पडतो. ऑनलाईन मागवताना सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. यावर एक उपाय आहे. घरातली उत्तम बसणारी कुर्ती पलंगावर सपाट पसरा, एका बगलेच्या शिवणीपासून दुसऱ्या बगलेच्या शिवणीपर्यंत टेप लावा आणि आलेल्या आकड्याची दुप्पट करा. हे झालं कपड्याचं माप. तक्त्यात कपड्याचं माप असेल तर याच्याशी ताडून बघा, अंगाचं असेल तर अंगावर टेप लावून आलेल्या आकड्याशी.

चौघांची आमटी आणि दोनशेची पंगत

आता मुख्य मुद्दा. कारखान्यात प्रत्येक मापाचा कपडा नव्याने आखत नाहीत. एक मधलं किंवा लहान माप घेतात, समजा छाती ३६. त्याचा नमुना एका सडपातळ मुलीवर नीट बसवतात. मग ठरलेल्या पायऱ्यांनी तोच नमुना वाढवत नेतात. या वाढवण्याला ग्रेडिंग म्हणतात. छाती दर मापाला २ इंच वाढते आणि तिच्यासोबत खांदा, गळा, मुंढा, बाही सगळंच थोडंथोडं वाढतं.

चौघांच्या आमटीचं प्रमाण घेऊन कुणी दोनशेच्या पंगतीला मीठ-तिखट पन्नासपट घालत नाही. आचारी डाळ वाढवतो त्या हिशेबाने फोडणीचं तेल वाढवत नाही. प्रत्येक जिन्नस आपल्या चालीने वाढतो, हे त्याला ठाऊक असतं. अंगाचंही तसंच आहे. चरबी छाती, पोट, दंड, मांड्या, पाठ इथे साठते, हाडं जागच्या जागी राहतात. खांद्याची रुंदी हाडावर ठरते. मानेचा घेर वाढला तरी थोडाच वाढतो.

उदाहरणाला आकडे घेऊ. छाती ३६ ला खांदा १४ इंच आणि दंडाचा घेर ११ इंच धरला. दर मापाला दोन्ही अर्धा अर्धा इंच वाढवले. ३६ पासून ४८ पर्यंत सहा पायऱ्या, म्हणजे खांदा १७ आणि दंड १४ झाला. आता छाती ४८ असलेली खरी बाई घ्या. तिचा खांदा बहुधा १५ ते साडेपंधराच असतो आणि दंड मात्र १६ किंवा त्याहून जास्त. म्हणून शिवण खांद्यावरून पाऊण-एक इंच खाली दंडावर उतरते, गळा उघडा पडतो, आणि त्याच ब्लाऊजची बाही दंडाला काचते. बाईने एक माप वरचं घेतलं तर दंड सुटतो आणि खांदा आणखी घसरतो. एक माप खालचं घेतलं तर खांदा बसतो, हुक लागत नाहीत.

मिरजेत तंबोरा बनवणारे कारागीर याच्या उलट काम करतात. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येणारा भोपळा वेलीवर वाढलेला असतो, दोन भोपळे सारखे कधीच नसतात. म्हणून भोपळा हातात घेऊन, त्याचा घेर बघून मगच तबली, म्हणजे त्याच्या तोंडावरचं लाकडी झाकण, आणि गळा बेततात. भोपळा बसत नाही म्हणून कुणी भोपळ्याला नावं ठेवत नाही.

सगळा खेळ मुंढ्याचा

मोठ्या मापात सगळ्यात जास्त बिघडतो तो मुंढा, म्हणजे बाही जिथे अंगाला जोडली जाते तो गोल. बगलेत काचतं अशी तक्रार केली की टेलर मुंढा खाली उतरवतात. ऐकायला बरोबर वाटतं, पण त्याने त्रास वाढतो.

असं का होतं ते घरी बघता येईल. ब्लाऊज घाला, बगलेतली शिवण अंगाला कुठे टेकते ते बोटाने चाचपा. आता एसटीत वरची दांडी धरताना करतो तसा हात वर करा. शिवण बगलेच्या जवळ असेल तर बाही हलते आणि ब्लाऊज जागेवर राहतो. शिवण दोन इंच खाली असेल तर बाहीचं टोक अंगाच्या बाजूला बांधल्यासारखं असतं, हात वर जाताना ते अख्खा ब्लाऊज ओढून वर घेतं, पोट उघडं पडतं आणि छातीचे हुक ताणतात. छत्री मिटलेली असताना काडीला कापड खालपर्यंत बांधून ठेवा आणि मग उघडायला जा, तसाच प्रकार.

म्हणून मुंढा बगलेपासून साधारण अर्धा ते पाऊण इंच खाली असावा, जास्त नको. काचण्याचं खरं कारण बहुतेक वेळा बाहीची अरुंदी असते. दंडाच्या घेरावर दीड ते दोन इंच मोकळीक द्यायची आणि बाहीच्या वरच्या फुगीर गोलाची उंची थोडी कमी करायची. गोल उंच आणि निमुळता असेल तर बाही उभ्या हाताला सुंदर दिसते, पण हात उचलू देत नाही. गोल पसरट असेल तर हात खाली असताना बगलेत एखादी चुणी दिसते, हात मात्र मोकळा हलतो. स्वयंपाक करणाऱ्या, फळ्यावर लिहिणाऱ्या, स्कूटी चालवणाऱ्या बाईने ती एक चुणी खुशाल चालवून घ्यावी.

छाती ४४, पण कुठली ४४?

टेप एकदाच फिरवून टेलर 'चव्वेचाळीस' लिहितो. पण ४४ छातीच्या दोन बायकांची अंगं अगदी वेगळी असू शकतात. एकीची पाठ रुंद, दुसरीची पाठ अरुंद आणि स्तन मोठे. हे ओळखायला दोन मापं लागतात. पहिलं, बगलेतून स्तनांच्या वरून जाणारं. याला वरची छाती म्हणू. दुसरं, सगळ्यात भरलेल्या जागेवरून जाणारं, म्हणजे पूर्ण छाती.

आयता कपडा या दोन मापांत साधारण दोन इंचांचा फरक धरून बेतलेला असतो. पहिल्या बाईची वरची छाती ४२ असेल तर ४४ चा कपडा तिला बसेल. दुसरीची वरची छाती ३९ असेल तर पाठ, खांदा आणि गळा ४१-४२ च्या मापाने कापायला हवा आणि उरलेलं कापड फक्त पुढच्या भागात वाढवायला हवं. सगळीकडून ४४ कापलं की पाठीवर फुगा येतो. तो फुगा घालवायला टेलर पाठीत टक, म्हणजे कापड दुमडून शिवलेली निमुळती चुणी, घेतो, मग पुढून ओढायला लागतं, आणि ब्लाऊज तीनदा परत जातो.

माप घेताना आतले कपडे नेहमीचे आणि नीट बसणारे असावेत. ब्राचा भार खालच्या पट्ट्याने उचलायचा असतो. खांद्यावर वळ उमटत असतील तर बहुतेक वेळा पट्टा ढिला आहे आणि मागून वर सरकतो आहे, असं समजावं. पट्टा जमिनीला समांतर राहावा, त्याखाली दोन बोटं जेमतेम जावीत.

मग ही मापं लिहून घ्या : वरची छाती, पूर्ण छाती, छातीखालचा घेर, कंबर, पोटाचा सगळ्यात मोठा घेर, सीट म्हणजे नितंबांचा घेर, खांदा हाडापासून हाडापर्यंत, दंडाचा सगळ्यात जाड भाग, आणि खांद्यापासून स्तनाच्या टोकापर्यंतचं अंतर. हे शेवटचं माप बरेच जण घेतच नाहीत. आयत्या ब्लाऊजमध्ये टक नऊ-साडेनऊ इंचांवर रोखलेला असतो, भरलेल्या छातीचं टोक दहा ते बारा इंचांवर असतं. टक भलत्याच जागी रोखला की वर पोकळ पिशवी होते आणि खाली कापड ताणतं.

पोट आणि सीट बसूनही मोजा. खुर्चीत बसल्यावर हा घेर एक ते तीन इंच वाढतो, आणि पंगतीत मांडी घालून बसायचं असेल तर तोच आकडा खरा.

एक गोष्ट मापाइतकीच महत्त्वाची आहे. भरल्या दुकानात "अठ्ठेचाळीस!" असं ओरडून आकडा सांगायची काहीही गरज नसते. "दादा, वहीत लिहा, सांगू नका" असं म्हणायचा प्रत्येक बाईला हक्क आहे. सोबत बारा-तेरा वर्षांची मुलगी असेल तर जरूर म्हणावं. आपल्या अंगाबद्दल मुली जे शिकतात त्यातलं बरंचसं अशाच जागी, कापडाच्या गठ्ठ्यांशेजारी उभं राहून शिकतात.

टेलरकडे काय मागायचं

पहिली मागणी मायेची. शिवणीच्या आत जास्तीचं कापड ठेवतात त्याला माया म्हणतात, आणि मोठ्या मापात ती हवीच. बाजूच्या शिवणीत पुढच्या आणि मागच्या दोन्ही भागांना किमान दीड इंच माया ठेवायला सांगा, बाहीच्या खालच्या शिवणीतही. चार कडांना अर्धा अर्धा इंच सोडला की घेर २ इंच वाढतो. नुसत्या अंगाला माया ठेवली आणि बाहीला ठेवली नाही तर ब्लाऊज उसवूनही दंड तिथेच अडकतो. आयता ब्लाऊज घेताना आतून उलटा करून बघा. कड इंटरलॉक करून बोटभरही शिल्लक नसेल तर तो कधीच वाढणार नाही.

दुसरी, टकांची. भरलेल्या छातीला एकच मोठा टक मारला की टोकदार शंकू होतो. तेवढंच कापड दोन-तीन टकांत वाटून द्यावं किंवा प्रिन्सेस कट, म्हणजे टकांऐवजी छातीवरून खाली जाणारी उभी शिवण, घ्यावा. टक स्तनाच्या टोकापर्यंत न नेता एक-दीड इंच आधी संपवावा.

तिसरी, हुकांची. नेहमीच्या अंतराने हुक लावले तर सगळ्यात भरलेली जागा नेमकी दोन हुकांच्या मध्ये येते आणि फट पडते. आधी त्या जागेवर एक हुक, मग तिथून वर-खाली बाकीचे, इंच-सव्वा इंच अंतराने. आय म्हणजे हुकाची घरं पाऊण इंचावर दोन रांगांत करून घ्या. जुन्या गाठीच्या चोळीत हीच सोय होती. गाठ सैल-घट्ट करता यायची आणि पाळीच्या दिवसांत, बाळंतपणानंतर तीच चोळी चालायची. हुक आले आणि ती सोय गेली.

कुर्तीला न ताणणाऱ्या कापडात छातीवर तीन-चार इंच मोकळीक लागते, पोट-सीटवर तेवढीच. पुढचा भाग पाठीपेक्षा एक-दीड इंच लांब ठेवावा, कारण छाती आणि पोट लांबी खातात आणि कुर्ती पुढून वर उचललेली दिसते. बाजूचा कट सीटच्या सगळ्यात रुंद जागेच्या थोडा वरून सुरू व्हावा. कट खाली असेल तर चालताना कुर्ती मागे गोळा होते आणि बाई दिवसभर ती खाली ओढत राहते.

साडी तर सगळ्यांना होते ना?

होते, पण तिचाही हिशेब आहे. साडी साडेपाच मीटर म्हणजे २१६ इंच. सीट ३८ असेल तर दोन वेढ्यांत ७६ आणि पदराला साधारण ६५ इंच जातात, निऱ्यांना ७५ उरतात. दहा इंचांची एक धरली तर सात निऱ्या. सीट ५० असेल तर वेढ्यांतच १०० इंच जातात आणि निऱ्या पाचच होतात. निऱ्या कमी म्हणून चालताना साडी उघडते, आणि बाईला वाटतं आपल्याला नेसता येत नाही.

उपाय हाताशीच असतो. साडीला जोडून आलेला ८० सेंटीमीटरचा ब्लाऊजपीस कापू नका. तो आतल्या टोकाला तसाच राहू द्या, तीन निऱ्या परत मिळतात. नाहीतरी ४६ छातीचा, कोपरापर्यंत बाहीचा ब्लाऊज ४४ इंच पन्ह्याच्या, म्हणजे रुंदीच्या, ८० सेंटीमीटर कापडात बसत नाही. पुढचा भाग, पाठ आणि दोन बाह्या मांडल्या की पट्ट्यांना कापड उरत नाही. मग टेलर मुंढ्यात किंवा बाहीत कापड चोरतो आणि पुन्हा काचणं सुरू. एक मीटर कापड वेगळं घ्या. इरकल किंवा खणाचा ब्लाऊज विरुद्ध रंगात खुलतोही छान. खणाचा पन्हा कमी असतो, तेव्हा तिथे दुकानदाराला माप सांगूनच लांबी ठरवा.

परकराची नाडी एकाच जागी आवळू नका. २०२४ मध्ये वर्ध्याच्या आणि बिहारच्या डॉक्टरांनी, वर्षानुवर्षं कमरेला साडी-परकर घट्ट बांधल्याने जखम होऊन तिथेच त्वचेचा कर्करोग झालेल्या दोन वृद्ध स्त्रियांची नोंद एका वैद्यकीय नियतकालिकात केली. असं फार क्वचित होतं. काळे वळ आणि खाज मात्र सर्रास दिसते. परकराला दोन इंच रुंद पट्टा आणि हुक लावून घेतला की भार पसरतो. सांगलीच्या एप्रिल-मेच्या उकाड्यात मांड्या घासत असतील तर आत गुडघ्यापर्यंतची सुती चड्डी घाला.

कापड जास्त लागतं, मग पैसे जास्त नकोत?

हिशेब करून बघू. ४४ पन्ह्याच्या कापडात छाती ३६ ची सरळ कुर्ती बेतताना पुढचा आणि मागचा भाग २२-२२ इंचांचे होतात आणि शेजारी-शेजारी बसतात. बाह्या धरून १.६ मीटरमध्ये काम होतं. छाती ४० ला तेच भाग २४-२४ होतात, पन्ह्यात मावत नाहीत, एकाखाली एक मांडावे लागतात. कापड सव्वादोन मीटरवर जातं. छाती ४८ ला बाह्याही बाजूच्या पट्टीत बसत नाहीत, तेव्हा २.७ मीटर.

म्हणजे मोठी उडी एसवरून एलवर जाताना येते, आणि तिथे किंमत एकच असते. सगळ्या मापांचा सरासरी खर्च काढून दर ठरवलेला असतो. मग ही सरासरी डबल एक्सएलशी का थांबते? कारखान्यांची एक खरी अडचण आहे : मोठी मापं थोडी बनतात, नमुन्याचा खर्च थोड्याच नगांवर पडतो, माल पडून राहण्याची भीती असते. पण माल पडून राहतो तो बसत नाही म्हणून, आणि बसत नाही तो नमुना नीट बेतला नाही म्हणून. शिलाईचे चार पैसे जास्त मागणारा टेलर वेगळा. टक वाढले, हुक वाढले, तर त्याची मजुरी वाढते आणि ती द्यावी.

ढगळ घातलं, गडद घातलं की झाकून जातं ना?

ढगळ कपडा सगळ्यात रुंद जागेवरून सरळ खाली लोंबतो, त्यामुळे सगळं अंग त्या रुंदीचं दिसतं. खांदा आणि मुंढा नेमका बसला आणि खाली मोकळं सोडलं तर तोच घेर छान पडतो. आडव्या रेघांनी जाड दिसतं हेही डोळे झाकून मानू नका. १९ व्या शतकातच हेल्महोल्ट्झ या शास्त्रज्ञाने दाखवलं होतं की आडव्या रेघांचा चौकोन उलट उंच आणि अरुंद भासतो. २०११ मध्ये इंग्लंडच्या यॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी स्त्रियांच्या आकृत्या घेऊन तपासलं, तेव्हाही आडव्या रेघांनी जाडी वाढल्याचं दिसलं नाही. ज्या बाईला पिवळाधमक रंग आवडतो तिने तो घालावा.

मोठ्या मापाचे कपडे नीट मिळाले तर लठ्ठपणाला उत्तेजन मिळणार नाही का?

हा प्रश्न काळजीतून येतो, म्हणून नीट उत्तर द्यायला हवं. वजन जास्त असेल तर मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखीचा धोका वाढतो, हे खरंच आहे. पण घट्ट ब्लाऊजने साखर उतरत नाही. उलट अंगाची लाज बसलेली बाई सकाळी आमराईत चालायला जायचं टाळते, पोहायला जात नाही, दवाखान्यात वजनकाट्यावर उभं राहावं लागेल म्हणून तपासणी पुढे ढकलते. नीट बसणारी सलवार आणि आधार देणारी ब्रा असेल तर चालणं सुरू तरी होतं.

दवाखान्यातही मापाचाच मामला असतो. रक्तदाब मोजायचा नेहमीचा पट्टा साधारण २७ ते ३४ सेंटीमीटर घेराच्या दंडासाठी असतो. त्याहून जाड दंडाला तोच पट्टा बांधला तर आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो आणि नको ती गोळी मागे लागू शकते. दंड साडेतेरा इंचांहून जास्त असेल तर "मोठा पट्टा आहे का?" असं विचारा.

एवढं सगळं दर वेळी टेलरला कोण सांगणार?

एकदाच सांगायचं. बहुतेक टेलर "मापाचा ब्लाऊज द्या" म्हणतात, आपण कपाटातला जुना ब्लाऊज देतो आणि त्यातल्या चुका नव्यात जशाच्या तशा उतरतात. त्याऐवजी घाई नसलेल्या महिन्यात, श्रावणाच्या आधी वगैरे, अस्तराच्या सुती कापडाचा एक कच्चा ब्लाऊज शिवून घ्या. कापड आदल्या रात्री पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून द्या. सुती कापड चार टक्के आटलं तर ४८ इंचांत जवळजवळ दोन इंच जातात, म्हणजे सगळी मोकळीक संपली.

हा ब्लाऊज टाचण्या लावून अंगावर बसवायचा. हात वर करून, खाली वाकून, मांडी घालून बघायचं. जिथे ओढतं तिथे खडूने खूण, जिथे पोकळ तिथे टाचणी. दोन फेऱ्यांत बसला नाही तर तिसरी करायची, कापड स्वस्तातलं असतं. बसला की पक्की टीप मारून त्याच्या आतल्या पट्टीवर तारीख आणि दंड, वरची छाती, पूर्ण छाती हे तीन आकडे पेनाने लिहायचे. यापुढे टेलरकडे मापाचा म्हणून हाच द्यायचा, आणि वर्षाने पुन्हा एकदा अंगात घालून बघायचा.